सॉफ्टवेअर चमूची बांधणी : चौघांचे चाळीस होताना

एखादी आज्ञावली एकट्याने लिहिता येते. ती दहा वर्षे चालवायची, वापरणाऱ्यांच्या बदलत्या गरजांप्रमाणे दुरुस्त करीत न्यायची आणि मूळ लिहिणारा माणूस निघून गेल्यावरही बंद पडू द्यायची नाही, तर मात्र चमू लागतो. सॉफ्टवेअर उद्योगात ‘टीम’ हा शब्द इतका सर्रास वापरला जातो की, ती कशी बांधली जाते, कशी वाढते आणि वाढताना नेमकी कोठे मोडते, याचा विचार बहुधा ती मोडल्यावरच होतो. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यात अशी असंख्य घरे आहेत, ज्यांतील किमान एक व्यक्ती ऐरोली, महापे, बेलापूर किंवा पुण्यातील हिंजवडी येथे अशा एखाद्या चमूत काम करते. चार-पाच वर्षे आज्ञावली लिहिल्यानंतर यांपैकी अनेकांच्या हाती एके दिवशी ‘टीम लीड’ असे पदनाम असलेले पत्र पडते. त्या पत्राबरोबर पगारवाढ येते. काम कसे करायचे, याचे मार्गदर्शन क्वचितच येते.

वास्तविक या विषयाला महाराष्ट्रात सत्तर वर्षांची परंपरा असून, तिचा एक धागा थेट खारघर स्थानकासमोर येऊन पोहोचतो.

संगणक न पाहिलेल्यांचा चमू

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९५४ च्या अखेरीस संगणक बांधण्याचे काम सुरू झाले. चमूचे प्रमुख होते रंगस्वामी नरसिंहन. त्यांच्या हाताखाली आलेली मोजकी तरुण मंडळी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेली होती आणि इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा विशेष विषय होता. नरसिंहन वगळता त्यांच्यापैकी कोणीही तोवर संगणक वापरलेला नव्हता. मग तो बांधण्याचा अनुभव कोठून असणार? अनुभवी माणसे शोधत बसण्याची सोयच नव्हती, कारण अशी माणसे देशात जवळजवळ नव्हतीच.

नरसिंहन यांनी आधी प्रायोगिक स्वरूपाचे लहान यंत्र करावयास घेतले. १९५६ च्या उत्तरार्धात ते चालू झाले. त्यावर हात बसल्यानंतर पूर्ण आकाराच्या संगणकाची रचना हाती घेण्यात आली आणि १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. यंत्र म्हणून पाहिले तर ‘टिफरॅक’ला उशीरच झाला होता. निर्वात नळ्यांचा हा संगणक सुरू होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते आणि १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेतून सीडीसी ३६०० हा कितीतरी शक्तिशाली संगणक आणला. मात्र हे नवे यंत्र आले तेव्हा ते चालविण्यासाठी, त्यावर आज्ञावली लिहिण्यासाठी आणि इतरांना शिकविण्यासाठी माणसे तयार होती. पाच-सहा वर्षांच्या खटाटोपातून टिकाऊ असे जे काही निघाले, ते ही माणसे होत. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा नरसिंहन हेच तिचे पहिले अध्यक्ष झाले.

चमू वाढविण्याचे एक महत्त्वाचे सूत्र येथे दिसते. नवख्यांना पहिल्याच दिवशी अंतिम यंत्रावर बसविले गेले नाही. चुका करायला परवानगी असलेले, परंतु खरोखर चालणारे असे एक लहान काम त्यांना आधी मिळाले. आज एखाद्या लीडरकडे चार नवे पदवीधर येतात, तेव्हा त्यांना महिनाभर चित्रफिती पाहावयास लावणे आणि थेट ग्राहकाच्या चालू यंत्रणेवर सोडणे या दोन्ही टोकांच्या मधली ही वाट आहे. अंतर्गत वापराचा एखादा अहवाल, चाचण्या आपोआप घेणारी एखादी छोटी आज्ञावली, कोणी हात न लावलेली एखादी जुनी त्रुटी, अशी कामे या दृष्टीने उत्तम. ती लहान असतात, पण खोटी नसतात.

जुहूहून खारघरपर्यंत

टीआयएफआरमधील याच कामातून पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सॉफ्टवेअरविषयक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ अर्थात एनसीएसटी या नावाने स्वतंत्र रूप मिळाले. जुहूच्या या संस्थेचे संचालक होते डॉ. श्रीनिवासन रमणी. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात आठ संस्था होत्या. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीएसटी. साध्या दूरध्वनी तारांवरून एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवघेव होऊ लागली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्याच्या जवळजवळ दशकभर आधीची ही गोष्ट आहे. ‘डॉट इन’ या भारताच्या संकेतनामाचा कारभारही कित्येक वर्षे याच संस्थेकडे होता. २००५ मध्ये नवी नोंदणी व्यवस्था ‘निक्सी’कडे गेली. २०१४ मध्ये डॉ. रमणी यांचा समावेश ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये करण्यात आला.

अर्नेटचा चमू एका छताखाली नव्हता, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब आहे. आठ ठिकाणी आठ गट, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, प्रत्येकाची प्रशासकीय शिस्त वेगळी. ज्या जाळ्यातून त्यांनी एकमेकांशी बोलावयाचे, ते जाळेच त्यांना उभारायचे होते. अशा वेळी एकाने हुकूम सोडावा आणि इतरांनी तो पाळावा, ही पद्धत चालत नाही. दोन गटांच्या कामाचा सांधा कोठे जुळणार, संदेश कोणत्या स्वरूपात जाणार, तो न पोहोचल्यास काय करायचे, हे आधी ठरवून घ्यावे लागते. सांधा एकदा पक्का ठरला की प्रत्येक गटाला आपल्या हद्दीत मोकळीक देता येते. संस्थेची अंतर्गत रचना जशी असेल तशीच तिच्या हातून घडणाऱ्या यंत्रणेची रचना होते, असे निरीक्षण मेल्विन कॉन्वे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडले होते. ज्या चमूत दोन गटप्रमुखांचे एकमेकांशी पटत नाही, त्या चमूच्या आज्ञावलीत नेमक्या त्याच दोन भागांच्या सांध्यावर त्रुटी सापडतात, हा अनुभव पुष्कळांचा असेल.

एनसीएसटीचे दुसरे काम प्रशिक्षणाचे. सॉफ्टवेअर तंत्रज्ञानातील तिची पदविका आणि ‘सीएसटी’ ही परीक्षा यांना मुंबई परिसरातील एका पिढीच्या लेखी मोठे वजन होते. २००३ मध्ये ही संस्था ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली. तिचे नवी मुंबईतील केंद्र पनवेल तालुक्याच्या वेशीवर, खारघर स्थानकासमोर आहे. पनवेल लोकलने रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा वारसा ठाऊक असेल, कोणास ठाऊक.

माणसे वाढविण्याचे गणित

फ्रेडरिक ब्रूक्स हे आयबीएमच्या ओएस-३६० या प्रचंड प्रणालीचे प्रकल्पप्रमुख होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे नेमली की तो अधिक रखडतो, हा त्यांचा सिद्धांत या व्यवसायात सर्वांना पाठ आहे आणि तरीही तो रोज कोठे ना कोठे धाब्यावर बसविला जातो. त्यामागील हिशेब सोपा आहे.

समजा, सहा जणांचा चमू आहे आणि काम हातावेगळे करण्यास चार महिने उरले आहेत. म्हणजे २४ मनुष्य-महिने हाताशी आहेत. काम पुरे होणार नाही असे दिसताच वरिष्ठ आणखी चौघांना पाठवितात. कागदावर १६ मनुष्य-महिने वाढतात. प्रत्यक्षात नवख्यांना आज्ञावली समजण्यास दोन महिने लागतात आणि त्या काळात त्यांना शिकविण्यासाठी जुन्यांपैकी चौघांचा निम्मा वेळ खर्च होतो. हे झाले चार मनुष्य-महिन्यांचे नुकसान. उरलेल्या दोन महिन्यांत हे चौघे निम्म्या वेगाने काम करू लागले, तर चार मनुष्य-महिने परत मिळतात. बेरीज शून्य. दरम्यान दोघादोघांत होणाऱ्या संवादाच्या वाटा वाढलेल्या असतात. सहा जणांत अशा १५ जोड्या होतात, दहा जणांत ४५, वीस जणांत १९० आणि चाळीस जणांत ७८०. या प्रत्येक वाटेवर काहीतरी सांगायचे राहून जाण्याची शक्यता असते. खंडाळ्याच्या घाटात धापा टाकणाऱ्या एस.टी.त आणखी प्रवासी कोंबल्याने ती लवकर वर चढत नाही, इतकी ही साधी बाब आहे. पण ग्राहकाला ‘आम्ही दहा माणसे लावली आहेत’ असे सांगता येते, आणि दुर्दैवाने तेवढ्यासाठीच कित्येकदा ती लावली जातात.

याचा अर्थ चमू वाढवूच नये असा नाही. काम अंगावर येण्याच्या चार-सहा महिने आधी, एका वेळी एक किंवा दोन माणसे घेऊन तो वाढवावा लागतो. चारांचे आठ होईपर्यंत प्रमुखाला प्रत्येकाच्या कामावर स्वतः नजर ठेवता येते. आठच्या पुढे ती नजर अपुरी पडू लागते. बाराव्या-पंधराव्या माणसाच्या सुमारास चमूचे दोन गट करावेच लागतात आणि प्रत्येक गटाला आपला प्रमुख द्यावा लागतो. नेमके येथे बहुतेक प्रमुख अडखळतात. ज्या चौघांबरोबर रात्री जागून पहिली आवृत्ती उभी केली, त्यांच्यापैकी एकाला वर घ्यायचे आणि तिघांना नाही, हा निर्णय घेण्याऐवजी सर्वांनी आपल्यालाच विचारावे, अशी व्यवस्था चालू ठेवली जाते. मग प्रमुख रजेवर गेला की काम थांबते.

कोहलींची शाळा

चमू मोठा करण्याची गोष्ट टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला वगळून सांगता येणार नाही. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीची सूत्रे पुढल्याच वर्षी फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. कोहली हे मूळचे विद्युत अभियंते, टाटा इलेक्ट्रिकमधून आलेले. १९७४ मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीचे रुग्णालयांसाठीच्या आज्ञावलीचे काम टीसीएसला मिळाले, परंतु ज्या प्रकारच्या संगणकासाठी ती हवी होती तो मुंबईत नव्हता. हाताशी होता ब्रिटिश बनावटीचा आयसीएल. तेव्हा त्याच आयसीएलवर आज्ञावली लिहायची आणि एका यंत्राची बोली दुसऱ्यास समजेल अशी करून देणारी चाळणी-आज्ञावली स्वतःच तयार करायची, असा मार्ग काढण्यात आला.

साधनांच्या टंचाईतून आलेली ही युक्ती कंपनीच्या वळणाचाच भाग झाली. १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र सुरू झाले, तेथेही आज्ञावली तयार करणारी साधने घडविण्यावर भर राहिला. एखादे काम शंभर माणसांनी हाताने करण्यापूर्वी त्यातील किती भाग यंत्राकडे सोपविता येईल, हा प्रश्न चमू वाढविण्याआधी विचारला गेला. नवागतांच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिरुवनंतपुरम येथे स्वतंत्र केंद्र उभारले. २००९ मध्ये एस. रामदोरै मुख्याधिकारीपदावरून पायउतार झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांची संख्या एक लाखाच्या बरीच पुढे गेली होती.

त्याच काळात पुण्यात अन्य वाटाही चोखाळल्या जात होत्या. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधील सहकाऱ्यांसह सात अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली आणि दोन वर्षांत ती बंगळुरूला हलविली. पुण्याच्या मनाला ही हळहळ अजून आहे. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना होऊन अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिकेहून क्रे महासंगणक मिळविण्याचे प्रयत्न अडखळल्यावर हाती घेतलेल्या या कामाला तीन वर्षांची मुदत होती. एवढ्या अल्पावधीत चमू जमवून काम तडीस जाऊ शकले, कारण उद्दिष्ट एकच होते, मुदत सर्वांना ठाऊक होती आणि स्वतंत्र संस्था असल्याने माणसे निवडण्याची मोकळीक होती. सरकारी प्रकल्पांत या तीन गोष्टी एकत्र येणे दुर्मीळच. तर १९९० मध्ये अमेरिकेतून परतलेल्या डॉ. आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, ती विदासंग्रह प्रणाली अर्थात डेटाबेस या एका विषयात खोल जाण्याचे ठरवून. मिळेल ते काम घेणारा चमू लवकर वाढतो खरा. एका विषयात मुरलेल्या चमूला मात्र चांगली माणसे आपणहून शोधत येतात. पर्सिस्टंटचे समभाग बाजारात आले ते वीस वर्षांनी, २०१० मध्ये.

लीडरने दिवसभर काय करावे?

नव्याने प्रमुख झालेल्या अभियंत्याची पहिली तक्रार ठरलेली असते. दिवसभर बैठका झाल्या, काम काहीच झाले नाही. त्याच्या लेखी काम म्हणजे आज्ञावली लिहिणे. ही समजूत बदलण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. काहींची ती बदलत नाही आणि त्यांनी प्रमुखपद सोडून पुन्हा तज्ज्ञ अभियंता व्हावे, हेच त्यांच्या आणि चमूच्या हिताचे असते.

प्रमुखाचे सर्वांत मोलाचे काम इतरांची आज्ञावली वाचण्याचे होय. प्रत्येकाचे लेखन मुख्य संग्रहात जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तरी ते वाचलेच पाहिजे, हा दंडक पाळणाऱ्या चमूत दोन गोष्टी साधतात. त्रुटी लवकर सापडतात, हे उघडच आहे. दुसरी गोष्ट अशी की, यंत्रणेच्या कोणत्याही भागाची गुरुकिल्ली एकाच्याच कनवटीला राहात नाही. आपली आज्ञावली म्हणजे आपली प्रतिष्ठा, असे मानणारा प्रोग्रॅमर तीत त्रुटी पाहूच शकत नाही, हे जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्येच आपल्या पुस्तकात दाखवून दिले होते. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. वरिष्ठाची चूक कनिष्ठाने चारचौघांत दाखवायची नाही, हे वळण घरापासून लागलेले असते. म्हणून प्रमुखाने आपली स्वतःची आज्ञावली सर्वांत आधी, सर्वांत नवख्या मुलीकडे किंवा मुलाकडे तपासावयास द्यावी. तिने काढलेली पहिली खरी चूक प्रमुखाने सर्वांसमक्ष मान्य केली की पुढे फारसे सांगावे लागत नाही.

निर्णय लिहून ठेवणे हे दुसरे काम. अमुक विदासंग्रह का निवडला, तमुक मार्ग का सोडला, हे एका पानात, तारखेसह. तीन वर्षांनी आलेल्या माणसाला आज्ञावलीत ‘काय’ केले ते दिसते, ‘का’ केले ते दिसत नाही. मग तो मोठ्या हौसेने तीच चूक नव्याने करतो. दररोजची पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या होणारी बैठक आता सर्वत्र रूढ आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा काढला, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. तिचा हेतू सहकाऱ्यांनी एकमेकांच्या अडचणी ऐकाव्यात हा आहे. अनेक ठिकाणी ती साहेबापुढील हजेरी होऊन बसली आहे. सर्व जण एकमेकांकडे पाहून बोलतात की प्रमुखाकडे पाहून, एवढ्यावरून कोणत्याही चमूची प्रकृती पाच मिनिटांत कळते.

पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलणे हे तिसरे. त्यात चालू कामाचा आढावा घेऊ नये. त्यासाठी अन्य बैठका आहेत. पुढे काय शिकायचे आहे, काय खटकते आहे, घरी काही अडचण आहे का, हे विचारावे आणि मग गप्प राहावे. राजीनाम्याचे पत्र टेबलावर येते तेव्हा प्रमुखाला धक्का बसतो, पण शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याला ते दोन महिन्यांपूर्वीच माहीत असते.

बढतीचा पेच

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगात चांगला अभियंता म्हणून राहणे ही दीर्घकाळ बढतीची पायरी नव्हती. पगार वाढायचा तर माणसे हाताखाली हवीत, असा शिरस्ता पडला. लग्नाच्या बाजारातही ‘मॅनेजर’ या शब्दाला जे वजन होते, ते ‘प्रोग्रॅमर’ला नव्हते. परिणामी तिशीच्या आसपास आज्ञावली लिहिणे सोडून तक्ते भरणाऱ्यांची मोठी फळी मध्यावर साचली. तांत्रिक आणि व्यवस्थापकीय अशा दोन समांतर शिड्या काही कंपन्यांनी ठेवल्या. परंतु तांत्रिक शिडीच्या वरच्या पायऱ्या बऱ्याचदा कागदावरच राहिल्या.

त्याची किंमत अलीकडे समोर येत आहे. करोना साथीनंतर मागणी उसळली तेव्हा माणसे धरून ठेवणे कठीण झाले होते. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण जून २०२२ अखेर इन्फोसिसमध्ये २८.४ टक्के, तर सप्टेंबर २०२२ अखेर टीसीएसमध्ये २१.५ टक्के होते. तीन वर्षांत चित्र पालटले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरिष्ठ श्रेणीतील लोक असतील, असे स्पष्ट केले. सहा लाखांच्या आसपास कर्मचारी असलेल्या कंपनीत दोन टक्के ही संख्या लहान भासेल. गृहकर्जाचे हप्ते चालू असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला ती तशी भासत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता साधी आज्ञावली चुटकीसरशी लिहून देतात. ती तपासणारा, त्यातील खोच ओळखणारा माणूस त्यामुळे अधिक मोलाचा ठरत आहे. केवळ कामाची वाटणी करून प्रगतीचे अहवाल वर पाठविणारा तितका नाही. मात्र यात एक धोका आहे. नवागतांना शिकण्यासाठी दिली जाणारी लहानसहान कामे हीच साधने करू लागली, तर पाच वर्षांनंतरचे जाणते अभियंते कोठून येणार? ज्या प्रमुखाला आपला चमू टिकवायचा आहे, त्याने काही कामे जाणीवपूर्वक नवख्यांच्या हातांसाठी राखून ठेवणे प्राप्त आहे, मग त्यात दोन दिवस अधिक मोडले तरी चालतील.

पनवेलची गोष्ट

पनवेलचे भाग्य आणि दुर्भाग्य एकाच कारणाने आहे. गाव मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान पडते. हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४९ किलोमीटर, पलीकडे कळंबोलीपासून सुरू होणारा आणि २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग. नवीन पनवेलमधील पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून आहे, खारघरमध्येही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. २०१६ मध्ये महापालिका झाली. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. अभियंते येथे घडतात, येथेच घर घेतात. काम मात्र ऐरोलीला, पवईला, हिंजवडीला.

चमूच्या प्रमुखाचे निर्णय या प्रवासाशी थेट भिडतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, तर हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ग्राहकाशी बोलणे रोज त्याच वेळी, तेही कार्यालयात बसूनच करायचे, असे ठरले तर पनवेलच्या अभियंत्याला घरी पोहोचण्यास रात्रीचे दहा वाजतात. लहान मूल असलेली स्त्री अशा व्यवस्थेत फार काळ टिकत नाही. ती नोकरी सोडते, तेव्हा कारण म्हणून ‘कौटुंबिक’ असे लिहिले जाते. वस्तुतः ते वेळापत्रकाचे कारण असते. आठवड्यातून दोनच दिवस सर्वांनी ग्राहकासमोर बसायचे, उरलेले दिवस आळीपाळीने एकेकाने आणि शक्य तेथे घरून, एवढा बदल करण्यास कंपनीच्या धोरणाची गरज नसते. तो प्रमुखाच्या अधिकारातील आहे. २०२० च्या टाळेबंदीने घरून काम होऊ शकते हे सिद्ध केले. त्याचबरोबर नवख्यांना एकटे घरी बसवून शिकविता येत नाही, हेही सिद्ध केले. म्हणून पहिले सहा महिने नवागताने आणि त्याला शिकविणाऱ्याने एकाच दिवशी, एकाच टेबलाशी असावे, एवढे बंधन मात्र पाळावे.

पनवेल परिसरात दहा-पंधरा जणांचा चमू उभारू पाहणाऱ्या लहान उद्योजकाला मोठ्या कंपनीइतका पगार देता येत नाही. वाचलेले दोन-तीन तास तो देऊ शकतो आणि संपूर्ण यंत्रणा एकाच वेळी डोळ्यांसमोर असण्याचा आनंद देऊ शकतो. त्याची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे दोन वर्षे शिकलेला माणूस ऐरोलीला जातो. त्यावर करारपत्राची सक्ती हा उपाय अनेक जण करून पाहतात. मन नसलेला माणूस त्याने खुर्चीत राहतो, कामात राहात नाही. त्यापेक्षा माणसे जाणार हे गृहीत धरून चमू बांधलेला बरा. यंत्रणेच्या प्रत्येक भागाचे दोन जाणकार असावेत आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्या जागा बदलाव्यात. मोठ्या कंपन्यांत राजीनाम्यानंतरची मुदत बऱ्याचदा नव्वद दिवसांची असते. लहान कंपनीत ती एक महिन्याची असली तरी पुरते, जर त्यातील पहिला आठवडा लिखाणासाठी, दुसरा दुसऱ्या जाणकाराशेजारी बसून काम करण्यासाठी दिला आणि शेवटच्या पंधरा दिवसांत जाणाऱ्याने कळफलकाला हातच लावायचा नाही, केवळ विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, असे ठरविले.